पगारातले दोनशे रुपये

लालबाग, मुंबई 12



महाराष्ट्रात महिना 10,000 रुपयांहून जास्त पगार घेणाऱ्या पुरुष नोकरदाराच्या हाती पैसे पडण्याआधी त्यातून 200 रुपये व्यवसाय कर कापला जातो. फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाचे 2,500. लोअर परळला गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींत दारावरचा सुरक्षारक्षक आणि वरच्या मजल्यावरचा व्यवस्थापक या दोघांच्या पगारपत्रकात ही एक ओळ अगदी सारखी असते. रक्षकाला महिना 15,000 मिळत असतील, तर त्याच्या वर्षाच्या कमाईतला जवळजवळ 1.4 टक्का या करात जातो. दीड लाख पगार असलेल्याला त्याचा भार दहापट कमी.

या विषमतेचं मूळ राज्यघटनेच्या 276व्या कलमात आहे. व्यवसाय कराची कमाल रक्कम तिथे बांधून दिलेली आहे. सुरुवातीला ती वर्षाला 250 रुपये होती, 1988 सालच्या साठाव्या घटनादुरुस्तीने 2,500 झाली आणि तिथेच थांबली. मोठ्या पगारदाराकडून जास्त घ्यायचं म्हटलं तरी राज्याला घेता येत नाही. लहान पगारदाराला किती सूट द्यायची, हे मात्र पूर्णपणे राज्याच्या हातात आहे. पुरुषांसाठी करमुक्त पगाराची मर्यादा 2014 साली 5,000 वरून 7,500 केली गेली. मुंबईत 7,500 रुपयांत खोलीचं भाडं भागवून चार माणसांचा महिना निघत नाही, हे परळ-लालबागच्या कुठल्याही घरात ठाऊक आहे. स्त्रियांच्या बाबतीत 2023-24च्या अर्थसंकल्पाने ही मर्यादा 10,000 वरून 25,000 वर नेली. तो निर्णय चांगलाच होता आणि पुरुषांच्या बाबतीतही तसाच घेता आला असता.

या कराचा जन्म मात्र मोठ्या मनाचा आहे. 1972च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला, तलावाची माती उपसायला आली. त्या अनुभवातून आणि विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या चिकाटीतून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिला पैसा हवा म्हणून 1975 साली व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराने द्यायचं, सरकारने तेवढीच भर घालायची आणि त्यातून गावाकडच्या मजुराच्या हाताला काम मिळायचं. रोजगार हमीचा कायदा 1977चा. 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. गिरणगावातली बहुतेक घरं रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची, त्यामुळे गाव आणि चाळ यांचा हा हिशोब लोकांना परका वाटला नाही. पुढे केंद्राचा रोजगार हमी कायदा 2005 साली आला आणि मजुरीचा मोठा भार दिल्लीकडे गेला. इथली कपात तशीच राहिली.

थेट कापला जाणारा कर निदान दिसतो तरी. बाकीचा किमतीत मिसळलेला असतो. सुट्या तांदळावर वस्तू व सेवा कर नाही. पण 18 जुलै 2022 पासून लेबल लावलेल्या पाकिटातल्या 25 किलोपर्यंतच्या धान्यावर 5 टक्के आहे. साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल यांवर 18 टक्के होता, तो 22 सप्टेंबर 2025 पासून 5 झाला. घरोघरी जाणवावा असा हा दिलासा. हे दर वस्तू व सेवा कर परिषद ठरवते, एकटं राज्य नाही. वीज शुल्क आणि इंधनावरचा मूल्यवर्धित कर मात्र राज्याचा स्वतःचा. दादर-गिरगावच्या घरी बेस्टचं विजेचं बिल येतं त्यात वीज शुल्काची ओळ असते. घरगुती ग्राहकाला ते 16 टक्के. एक पंखा, दोन दिवे आणि टीव्ही असलेल्या दहा बाय बाराच्या खोलीलाही दर तोच. मुंबईत डिझेलवर हा कर 21 टक्के आहे, 2024च्या अर्थसंकल्पाने 24 वरून उतरवलेला. वाशीच्या बाजारातून दादरला येणाऱ्या भाजीच्या टेम्पोमार्फत तो गाडी नसलेल्या घरापर्यंतही पोचतो.

आता देण्याची बाजू. अन्नसुरक्षा कायदा महाराष्ट्रात 2014 साली लागू झाला तेव्हा शहरातल्या प्राधान्य कुटुंबासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 59,000 ठरली, म्हणजे महिन्याला पाच हजारांच्याही आत. त्यानंतरच्या दहा वर्षांत पगाराचे आकडे वाढले, तसे भावही वाढले. पण मर्यादा जागची हलली नाही. ज्याची भाकरी पूर्वीइतकीच आहे, तो कागदोपत्री श्रीमंत होऊन स्वस्त धान्यातून बाहेर पडतो. संजय गांधी निराधार योजनेत तर 21,000 रुपये वार्षिक उत्पन्नाची अट वर्षानुवर्षं राहिली. एखाद्या विधवा बाईने चार घरची धुणीभांडी केली, तर मुंबईत ती दोन-तीन महिन्यांतच या आकड्याच्या पुढे जाते. गरिबीची अशी व्याख्या करणं हा अन्यायच आहे.

जून 2024च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या लाडकी बहीण योजनेची मर्यादा, अडीच लाख कौटुंबिक उत्पन्न, जास्त वास्तववादी आहे. महिना 1,500 रुपये थेट बाईच्या खात्यात येतात आणि कित्येक घरांत स्वतःच्या नावावर येणारी ही तिची पहिलीच नियमित रक्कम असते. 2025-26 साठी योजनेला 36,000 कोटींची तरतूद झाली. पण ही रक्कमही ठरावीक आहे, भाव वाढले तरी ती वाढत नाही. 9 मे 2025 रोजी बेस्टचं साध्या बसचं किमान भाडं 5 वरून 10 रुपये झालं. घरातली दोन माणसं रोज बसने कामावर जाऊन-येऊन करत असतील, तर पंचवीस दिवसांचे 500 रुपये वाढले. पंधराशेतले एक तृतीयांश इथेच गेले. भाडं ठरवणं हे राज्याच्या अर्थसंकल्पाचं काम नसलं, तरी घरखर्चाच्या वहीत दोन्ही रकमा एकाच पानावर पडतात.

आकडा महागाईला बांधण्याची रीत या शहराला नवी नाही. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाची स्थापना 1921ची. कामगारवर्गाच्या राहणीखर्चाचा निर्देशांक तेच काढत असे, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून गिरणी कामगारांचा महागाई भत्ता त्या निर्देशांकाप्रमाणे वर-खाली होई. भाव चढले की भत्ता चढे; दरवेळी नव्याने मागावं लागत नसे. हीच रीत करमाफीच्या आणि पात्रतेच्या मर्यादांना लावता येते.

धान्याच्या बाबतीत एक अडचण खरी आहे. केंद्राने 2011च्या जनगणनेवरून राज्याला सुमारे 7 कोटी लाभार्थ्यांचा इष्टांक दिला आहे, त्यामुळे नुसती मर्यादा वाढवून जास्तीचं धान्य मिळणार नाही. इष्टांक दिल्लीतच वाढवून घ्यावा लागेल. व्यवसाय कराच्या 7,500च्या मर्यादेला अशी आडकाठी नाही, त्यासाठीची कायद्याची दुरुस्ती राज्याच्या विधिमंडळातच होते. निराधार योजनेची अट बदलायला तर शासन निर्णय पुरतो.



तुझा मामा