चारचा पेला

आमच्या घरी दुपारी चार वाजता जे पेय होतं, त्यात चहाची पूड नसते. ही सवय लागली ती माझ्या निग्रहाने नव्हे, सासूबाईंमुळे. त्या गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. त्यांचं हे देणं लिहून ठेवावं, असं फार दिवस मनात होतं.

मी मूळची साताऱ्याकडची. लग्न होऊन रत्नागिरीला, शिरगावच्या घरी आले, तेव्हा इथला पाऊस, जेवण, बोलणं सगळंच नवं होतं. ओळखीचा वाटे तो फक्त चहा. शाळेत नोकरी लागली आणि तो वाढत गेला. पहिल्या तासाआधी, मधल्या सुट्टीत डबा संपल्या संपल्या, शाळा सुटल्यावर आणि पेपर तपासायला बसले की रात्रीही. झोप उशिरा लागे, सकाळी अंग जड असे आणि त्यावर उतारा पुन्हा चहाच.

एकदा शाळेत चक्कर आली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन बरंच कमी. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि विचारलं, "जेवणाला लागून चहा घेता का?" चहातली टॅनिनं डाळी-भाज्यांतलं लोह अंगी लागू देत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. झोपेचंही त्यांनीच समजावलं. कॅफीन थकव्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचू देत नाही आणि ते शरीरातून निम्मं उतरायलाच साधारण 5 तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहातलं जवळजवळ अर्धं कॅफीन रात्री अकरालाही अंगात असतं.

मी चहा एकदम बंद केला. दुसऱ्या दिवशी कपाळ असं ठणकलं की फळ्याकडे बघवेना. मग कुणी सुचवलं म्हणून ग्रीन टी आणला आणि आपण चहा सोडला, अशा समजुतीत राहिले. तोही त्याच झाडाचा पाला, त्यातही कॅफीन असतं, एवढंही मला ठाऊक नव्हतं.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, हे सगळं बघत होत्या. शाळा त्यांनी लहानपणीच सोडलेली. एका रविवारी म्हणाल्या, "अगो, असं एकदम तोडू नको. पूड थोडी थोडी कमी करू." त्या दिवसापासून चहा करणं त्यांनी आपल्याकडे घेतलं.

परसात न्हाणीच्या पाण्यावर गवती चहाचा ठोंब माजला होता. त्याची एखाद-दुसरी पात पूड-दुधाच्या चहात टाकायची, ही कोकणातली नेहमीची रीत. आई पाती वाढवत गेल्या, पूड कमी करत गेल्या. पात कापायची कशी, हेही त्यांनी शिकवलं. तिच्या कडेवरून बोट ओढलं की चिरतं, म्हणून पाती मुठीत घट्ट धरून बुंध्याशी कापायच्या. धुऊन त्यांची सैल गाठ मारायची, म्हणजे पेल्यात तुकडे येत नाहीत. पाणी खळखळलं की गाठ आणि ठेचलेलं आलं टाकायचं, लगेच गॅस बंद करायचा आणि वर झाकण ठेवायचं. "वास उडाला तर राहिलं काय?" असं त्या म्हणत. हा वास सिट्रल नावाच्या द्रव्याचा आणि ते वाफेबरोबर उडून जातं, हे मी पुढे वाचलं. पूड पुरती थांबली ती कधी, हे मला कळलंही नाही. डोकंही दुखलं नाही.

मग ऋतूप्रमाणे पेला बदलत गेला. उन्हाळ्यात उपळसरीची मुळं ठेचून पाण्यात भिजत घालायची. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, आले की त्यांच्या सालींत साखर भरून बरणी उन्हात ठेवायची. पुढे त्याचं सरबत. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला आईंची ती बरणी आठवली. पावसाळ्यात धणे, जिरे, सुंठ आणि गुळाचा खडा घालून काढा. रक्त सुधारलं ते गोळ्यांनी, त्याचं श्रेय मी काढ्याला देत नाही. झोप मात्र चहा सुटल्यावरच परतली.

"चहा सोड, पण बसणं सोडू नको," असं आई म्हणत. चार वाजता आम्ही दोघी पडवीत पेले घेऊन बसत असू. या घरातली माणसं, जुनी आजारपणं, आंब्याची बरी-वाईट सालं मला समजली ती तिथे. मी या घरची झाले ती त्या वेळेमुळे. सकाळी आई आपला दुधाचा चहा घेत; दुपारी मात्र माझ्याबरोबर गवती चहा. त्यांना तो आवडतो, असंच मी धरून चालले होते.

त्या गेल्यावर भेटायला आलेल्या शेजारच्या काकू सहज बोलून गेल्या, "तुझ्यासाठी चारचा चहा सोडलान हो तिनं. आधी दुपारच्या चहावाचून डोकं उठायचं तिचं." माझं डोकं दुखू नये म्हणून पूड चिमटीचिमटीने कमी करणाऱ्या आईंनी आपलं दुखणं मला कधी कळू दिलं नाही.

आता कुणी चहा कमी करायचा म्हणून विचारलं, तर मी पूड हळूहळू कमी करायला सांगते, पातीची गाठ कशी मारायची ते दाखवते आणि घरातल्या एकाने तरी त्या वेळी तेच पेय घेऊन सोबत बसावं, असं आवर्जून सांगते. पहिल्या दोन गोष्टी कुणीही शिकवू शकेल. तिसरी माझ्यासाठी आईंनी केली, म्हणून माझा चहा सुटला.