किनेरेतचं दार आणि यार्देनचा वाटा

गेल्या हनुक्काच्या सुट्टीत आम्ही दिमोनाहून एक बस भरून किनेरेतला गेलो. बसमध्ये निम्मे आजी-आजोबा आणि निम्मी नातवंडं. डब्यांत पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि करंज्या. किनेरेत आम्ही पूर्वी कितीतरी वेळा पाहिला आहे. या वेळी मात्र तळ्याचं दार पाहायचं ठरवलं होतं.

हे दार म्हणजे देगानियाचं धरण. तळ्याच्या दक्षिण टोकाला, जिथून यार्देन नदी बाहेर पडते तिथेच ते आहे. पिन्हास रुटेनबर्ग यांनी नाहारायिमला वीजघर बांधलं, त्यासाठी १९३२ साली हे धरण झालं. वीजघर १९४८ च्या युद्धात बंद पडलं, धरण राहिलं. फार मोठं काही नाही, हं! शेजारच्या रस्त्यावरून बस गेली तर लक्षातही येणार नाही.

मुलांनी विचारलं, "दार सारखं उघडं का नाही ठेवत?"

बालमित्रांनो, त्याचं उत्तर दोन रेघांत आहे. किनेरेत समुद्रसपाटीच्या खाली आहे, म्हणून त्याची उंची उणे आकड्यांत सांगतात. वरची लाल रेघ उणे २०८.८० मीटर. पाणी तिच्यावर गेलं तर तिबेरियाचा किनारा बुडू लागतो, तेव्हा दार उघडावंच लागतं. १९९२ च्या जबरदस्त पावसाळ्यात तसं उघडलं होतं. खालची लाल रेघ उणे २१३ मीटर. पाणी तिच्याखाली गेलं तर तळाशी असलेले खारट झरे जोर धरतात आणि सगळं तळं बिघडण्याची भीती असते. नोव्हेंबर २००१ मध्ये पाणी उणे २१४.८७ पर्यंत उतरलं होतं. त्या दिवसांत रोज रात्री बातम्यांत किनेरेतचा आकडा ऐकून आमचा जीव खाली-वर व्हायचा, ते आजी-आजोबांना आठवत असेल.

म्हणून दार सांभाळणाऱ्याला हिवाळ्यात दोन्हीकडे बघावं लागतं. पाणी साठवायचं, कारण उन्हाळा लांब आहे. आणि थोडी जागा रिकामी ठेवायची, कारण उद्याचा पाऊस किती पडेल ते सांगता येत नाही.

पण या दोन्ही रेघा तळ्याच्या आहेत. नदीची रेघ कुठे आहे?

ते पाहायला आम्ही थोडं खाली गेलो. आधी लागतं यार्देनित. हिरवंगार पाणी, झाडं, परदेशी यात्रेकरूंची गर्दी. मुलं खूश झाली. तिथून थोडंच पुढे आलुमोतचा मातीचा बांध आहे आणि तिथे ती गोडी नदी संपते. किनेरेत गोडा राहावा म्हणून त्याच्या काठच्या खाऱ्या झऱ्यांचं पाणी एका वेगळ्या पाटाने बाजूने काढलं आहे. तो पाट या बांधाच्या खाली नदीत सोडला आहे. कित्येक वर्षं सांडपाणीही तिथेच पडत होतं. म्हणजे तळं स्वच्छ ठेवायचं म्हणून घाण आणि मीठ नदीच्या पदरात टाकलं.

"आजी, हीच ती यार्देन?" एका नातीने विचारलं. लहानपणी गोष्टींत ऐकलेली नदी मोठी होती, त्यामुळे आम्हालाही पटकन उत्तर सुचलं नाही.

एके काळी यार्देन दरवर्षी सुमारे १३० कोटी घनमीटर पाणी मृत समुद्रात नेत होती. आता त्याचा अगदी लहानसा भाग पोहोचतो. मृत समुद्र दरवर्षी मीटरभराहून जास्त खाली जातो आहे. इस्रायल, जॉर्डन, सीरिया, सगळ्यांनीच आपापल्या बाजूने पाणी उचललं.

आणि खरं सांगायचं तर आम्हीही उचललं. १९६४ मध्ये राष्ट्रीय जलवाहिनी सुरू झाली आणि किनेरेतचं पाणी नेगेवकडे येऊ लागलं. आमच्या नळाला पाणी आलं, वाळवंटात लेकरं मोठी झाली. आम्ही यार्देन प्यालो म्हणा ना! त्याबद्दल पश्चात्ताप नाही, पण देणं आहे.

आमच्यातल्या रोह्याच्या एका बाईंना कुंडलिका आठवली. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिकेत येतं, म्हणून ती भर उन्हाळ्यातही वाहते. त्या म्हणाल्या, "आमची नदी भरलेली बघून आम्ही खूश. ज्या मुळा नदीचं पाणी इकडे वळवलं, तिच्याकडे कोण बघतंय?"

सुदैवाने यार्देनकडे आता बघू लागले आहेत. २०१३ पासून देगानियाहून मुद्दाम नदीसाठी पाणी सोडायला सुरुवात झाली. लक्ष्य होतं वर्षाला ३ कोटी घनमीटर. मुलांनी बसमध्ये हिशेब केला. तळं सुमारे १६६ चौरस किलोमीटर, म्हणजे एक सेंटीमीटर पाणी म्हणजे सुमारे १६ लाख ६० हजार घनमीटर. नदीचा वाटा भरला साधारण १८ सेंटीमीटर, वीतभरच!

शिवाय नदीला नुसतं किती पाणी मिळालं ते पुरत नाही, केव्हा मिळालं तेही बघावं लागतं. बाराही महिने बारीक धार सोडली तर गाळ आणि मीठ हलत नाही. हिवाळ्यात एखादा लोंढा हवा, तो पात्र धुऊन काढतो.

आता नळाचं बरंचसं पाणी समुद्राचं गोडं केलेलं असतं. अश्कलोनचा कारखाना २००५ मध्ये सुरू झाला, पुढे हदेरा आणि सोरेकचे झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर असं पाणी त्साल्मोन ओढ्यातून किनेरेतमध्येच सोडायला सुरुवात झाली. जिथून पाणी घेतलं, तिथे थोडं परत!

आमच्या घरी जो जेवायला उशिरा येणार, त्याचं ताट आधी वाढून झाकून ठेवत. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं त्याला, असं कधी नव्हतं. यार्देनचं तसंच व्हावं. तिचा वाटा पहिल्यांदा काढावा, कोरड्या वर्षी लहान, ओल्या वर्षी मोठा, पण आधी.

परतताना मुलं झोपली होती. आम्ही मात्र घरी पोहोचल्यावर नळ उघडला आणि तुळतुळीत पेला भरून क्षणभर तसाच हातात धरला. मग सावकाश प्यालो.