पत्त्यांचा बाजार

अर्थशास्त्रात प्रयोग करता येत नाहीत, असं आमच्या पाठ्यपुस्तकात लिहिलं होतं. सरांनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि खिशातून पत्त्यांचा जोड काढला. काळी पानं विकणाऱ्यांना, लाल घेणाऱ्यांना. पानावरचा आकडा म्हणजे ज्याचा त्याचा खर्च किंवा ऐपत. तो कुणाला दाखवायचा नाही. पुढे वर्गात नुसता कालवा. भाव आधी कुठेही भरकटत होता, पण दोन-चार फेऱ्यांत तो सरांनी घडी घालून ठेवलेल्या कागदावरच्या समतोल भावाच्या आकड्याजवळ येऊन बसला.

व्हर्नन स्मिथ यांनी 1956 मध्ये पर्ड्यू विद्यापीठात हेच केलं होतं. ते हार्वर्डला शिकत असताना त्यांचे शिक्षक चेंबरलिन यांनी वर्गात असा बाजार भरवला होता, तोही पुस्तकी समतोल फसतो हे दाखवायला. स्मिथ यांनी नियम बदलले. कोपऱ्यात दोघांनीच घासाघीस करायची नाही, बोली सगळ्यांसमोर लावायची, आणि तोच बाजार पुन्हा पुन्हा भरवायचा. 2002 साली त्यांना नोबेल मिळालं. गुरूशी भांडायचं तर असं, हे सरांचं आवडतं वाक्य.

खेळात खरे पैसे हवेत, नाहीतर माणूस खरं वागत नाही, हा प्रायोगिक अर्थशास्त्राचा दंडक. कॉलेजकडे त्यासाठी पैसे नव्हते. सर ते पगारातून देत. एकदा दहा रुपयांच्या वाटणीत समोरच्यानं मला दोन देऊ केले. मी नाकारले, म्हणजे दोघांनाही शून्य. सरांनी वेर्नर ग्युथ आणि सहकाऱ्यांचा 1982 चा जर्मनीतला प्रयोग सांगितला: तिथलेही काही जण फुकटचे पैसे असेच लाथाडत. मी सुखावलो. लगेच त्यांनी पेरूच्या जंगलातल्या माचिगुएंगा लोकांची गोष्ट काढली. त्यांच्यात चौथ्या हिश्श्याच्या आसपास देऊ करतात आणि घेणारा बहुधा नाही म्हणत नाही. "तुझा राग जगभर चालतो असं समजू नकोस," सर म्हणाले.

पण मी त्यांचा खरा देणेकरी झालो तो कांद्यामुळे. स्मिथ यांच्या 1964 च्या लेखात होतं की फक्त घेणारेच बोली लावतात तेव्हा भाव गप्प बसलेल्या विकणाऱ्याच्या बाजूनं झुकतो. मी उसळलोच. नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या बाजार समितीत आमच्या घरचे अण्णा कांद्याच्या ट्रॉलीशेजारी गप्पच उभे असतात, मग त्यांच्या बाजूनं काय झुकलं?

सर चिडले नाहीत, स्मिथ यांची बाजूही घेतली नाही. "तुमच्याकडे एका ट्रॉलीवर बोली लावणारे किती? संध्याकाळी ते चहाला कुठे बसतात? आणि माल न विकता परत न्यायला अण्णांना किती डिझेल लागतं? मोजून आण."

त्या तीन प्रश्नांवर माझं पुढचं शिक्षण झालं, आता पगारही त्यांच्यावरच मिळतो. पहिल्या आणि तिसऱ्याची उत्तरं मी वहीत मांडत बसलो. दुसऱ्याचं अण्णांना कधीचंच ठाऊक होतं.