चन्नपट्टणची रंगीत काठी

बंगळूरला आलेला मराठी पाहुणा लालबाग पाहतो, विधानसौधापुढे फोटो काढतो आणि म्हैसूरची गाडी पकडतो. वाटेत सुमारे ६० किलोमीटरवर चन्नपट्टण लागते. तिथे तो सहसा उतरत नाही. १९७५ च्या ‘शोले’तले रामनगरचे खडक मागे पडले, की थोड्याच वेळात लाकडी घोडे, भोवरे, बाहुल्या मांडलेली दुकाने दिसू लागतात. ही कला टिपू सुलतानाने इराणी कारागीर बोलावून रुजवली, असे सांगतात. सावंतवाडीची खेळणी पाहिलेल्यांना हे रंग ओळखीचे वाटतील.

आम्ही मात्र काठी करून घ्यायला गेलो होतो. सासूबाईंचा गुडघा दुखतो, पण दुकानातली काळी काठी ‘म्हातारीची’ म्हणून त्या हात लावीत नव्हत्या.

कारागीर वयस्कर होते. त्यांनी सासूबाईंना चपला घालून ताठ उभे केले, हात सैल सोडायला सांगितले आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत दोरी धरली. काठीची उंची एवढीच हवी. मग कोपर किंचित वाकलेले राहते, खांदा वर चढत नाही.

इथली खेळणी ‘आले मर’ची, म्हणजे आपल्या काळ्या कुड्याची. लाकूड पांढरे, हलके, बारीक पोताचे. त्यांनी त्याची आडवी मूठ केली. दांड्यासाठी मात्र साग निवडला, तोही रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेला. रेषा तिरपी असली तर काठी नेमकी तिथेच मोडते. लांब, बारीक दांडा लेथवर मध्येच थरथरतो, म्हणून तो रंध्यानेच गोल केला.

खरी गंमत मुठीची! लेथवर गरगर फिरणाऱ्या लाकडाला त्यांनी रंगीत लाखेची कांडी टेकवली. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळली आणि रंग पसरत गेला. ब्रश नाही, वाळण्याची वाट पाहणे नाही. वरून केवड्याचे पान दाबताच आरशासारखी चकाकी आली. रंग सासूबाईंनीच निवडले: हळदीचा पिवळा, कडेला कुंकवाचा पट्टा. दांड्याचे टोक मुठीच्या भोकात सरस लावून ठोकले.

काठी हाती येताच सासूबाईंनी ती दुखऱ्या पायाच्या बाजूला धरली.

“अम्मा, दुखरा पाय उजवा ना? मग काठी डाव्या हातात,” कारागीर म्हणाले.

तळाला त्यांनी लोखंडी शेंबीऐवजी रबरी टोपी बसवली. लोखंड फरशीवर घसरते. टोपी झिजली की लगेच बदला, आणि काठी उन्हात तापलेल्या मोटारीत ठेवू नका, लाख मऊ पडते, असेही बजावले.