चार गुणांची कविता

दहावी-बारावीचे निकाल लागले की कोकण विभाग राज्यात अव्वल ठरल्याची बातमी येते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांच्या विभागीय मंडळाबाबत ही बातमी इतक्या नेमाने येत आली आहे की रत्नागिरीकरांना आता तिचे नवल उरलेले नाही. अभिमान मात्र आहे, आणि तो रास्तही आहे. डोंगरउतारावरच्या वाड्यांतून पहाटेची एस.टी. गाठून शाळेत येणाऱ्या मुलांनी तो कमावलेला आहे. तरीही उत्तीर्णांची टक्केवारी हा एक हिशेब झाला. वर्षभरात मुलाने एक तरी कविता खरोखर वाचली का, हा दुसरा हिशेब. तो कोणत्याही गुणपत्रिकेवर छापला जात नाही.

राज्य मंडळाच्या बारावीच्या इंग्रजीची लेखी परीक्षा ८० गुणांची. त्यात कवितेच्या वाट्याला १४ गुण येतात. पैकी १० दिलेल्या ओळींवरच्या प्रश्नांचे आणि ४ रसग्रहणाचे. रसग्रहणाचे मुद्देही ठरवून दिलेले आहेत: कवी आणि शीर्षक, आशय, शैली व अलंकार, कवितेतून मिळणारा प्रेरणादायी संदेश, आणि शेवटी विद्यार्थ्याचे स्वतःचे मत. मुद्दे देण्यात गैर काही नाही. कोऱ्या कागदासमोर बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला कुठून तरी सुरुवात करून द्यावीच लागते. गैर घडते ते पुढे. बाजारातल्या मार्गदर्शिकांनी या मुद्द्यांचे साचे तयार केले आहेत. कवी थोर आहे, शीर्षक समर्पक आहे, अलंकार विपुल आहेत, संदेश मोलाचा आहे आणि मला ही कविता अतिशय आवडली, अशी पाच वाक्ये पाठ केली की कवीचे नाव तेवढे बदलायचे. असे उत्तर कोणत्याही कवितेला चालते. ‘माझे मत’ या मुद्द्याखाली शंभर मुलांचे मत शब्दशः एकच निघते, आणि याचे कोणाला हसूही येत नाही.

टिळक आळीपासून हाकेच्या अंतरावर, एका जुन्या घराच्या पडवीत, अनेक वर्षे इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई संध्याकाळी आठ-दहा मुलांना घेऊन बसतात. दारावर शिकवणीची पाटी नाही. जांभ्याच्या पायरीशी चपला काढायच्या, मार्गदर्शिका दप्तरातच ठेवायची, हा तिथला दंडक. कविता प्रथम मोठ्याने वाचायची, दोनदा. दुसऱ्या वाचनाच्या वेळी प्रत्येकाने हातात पेन्सिल धरायची आणि जिथे वाचताना अडखळायला झाले, जो शब्द त्या जागी अपेक्षित नव्हता, त्याच्याखाली रेघ मारायची. मग बाई त्या शब्दांपैकी एक उचलतात आणि विचारतात, “हा काढून दुसरा घातला, तर काय बिघडेल?”

एवढ्या एका प्रश्नावर कधीकधी पाऊण तास जातो. अलंकाराचे नाव सगळ्यात शेवटी येते. नव्याने आलेली मुले ‘उपमा आहे’ एवढे सांगून मोकळी होतात, कारण तेवढ्यालाच आजवर गुण मिळालेले असतात. कशाला कशाची उपमा दिली, तीच का दिली, तिच्यामुळे काय दिसू लागले जे एरवी दिसले नसते, हे त्यांना कोणी विचारलेलेच नसते.

गंमत अशी की ही विद्या मुलांना परकी नाही. दहावीच्या मराठीत त्यांनी आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये अशा क्रमाने रसग्रहणे लिहिलेली असतात. पण मराठीचा तास आणि इंग्रजीचा तास यांच्यामध्ये त्यांच्या मनात एक भिंत असते. पलीकडचे सामान अलीकडे आणायचे नाही, असा जणू नियमच. बाईंनी त्यावर एक साधा उपाय काढला आहे. वहीच्या डाव्या पानावर कवितेविषयी जे वाटले ते मराठीत लिहायचे, कितीही आणि कसेही. उजव्या पानावर त्यातले परीक्षेला उपयोगी पडेल तेवढे इंग्रजीत. डावे पान भरल्याशिवाय उजव्याला हात लावायचा नाही. ज्या मुलांना इंग्रजीत चार वाक्ये जुळवता येत नाहीत, त्यांची डावी पाने पाहिली की त्यांना कविता कळत नाही असे म्हणण्याची हिंमत होत नाही.

इंग्रजी कविता आणि इंग्रजी परीक्षा यांची गाठ आपल्याकडे जुनी आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि मॅट्रिकची परीक्षा हा सुशिक्षित घरांचा उंबरठा बनला. इथून जवळच, गणपतीपुळ्याला लागून असलेल्या मालगुंडचे कृष्णाजी केशव दामले, म्हणजे केशवसुत, याच उंबरठ्यावरून गेले. पण परीक्षेच्या निमित्ताने जे इंग्रजी काव्य हाती आले, त्यातले ते चौदा ओळींचे घाटदार रूप त्यांनी मराठीत आणले आणि त्याला ‘चतुर्दशक’ म्हटले. पुढे ते ‘सुनीत’ या नावाने रुळले. मालगुंडला त्यांचे स्मारक आहे. शाळांच्या सहली तिथे जातात, मुले छायाचित्रे काढतात. ज्या माणसाने इंग्रजी कविता वाचून मराठी कविता बदलली, तो आपल्या तालुक्यातला होता, हे त्यांतल्या किती जणांच्या ध्यानात येते कोण जाणे.

यंदा पडवीत ‘फादर रिटर्निंग होम’ ही दिलीप चित्रे यांची कविता चालू होती. चित्रे मराठीत लिहीत आणि इंग्रजीतही. १९९४ साली त्यांना मराठी कवितेसाठी आणि तुकारामांच्या इंग्रजी अनुवादासाठी असे साहित्य अकादमीचे दोन पुरस्कार मिळाले. कविता छोटी आहे. संध्याकाळी उशिराच्या लोकलने एक वयस्क माणूस घरी येतो. कपडे पावसाने भिजलेले, रेनकोटवर चिखल, पिशवीत पुस्तके. घरी आल्यावर पातळ चहा, शिळी चपाती आणि एक पुस्तक. मुले त्याच्याशी आपले काही बोलत नाहीत. रेडिओची खरखर ऐकत तो झोपी जातो आणि पूर्वजांची, नातवंडांची, एका अरुंद खिंडीतून या देशात उतरलेल्या भटक्या टोळ्यांची स्वप्ने पाहतो. कविता तिथे संपते.

वर्गातला एक मुलगा संगमेश्वरकडचा. शिक्षणासाठी आईबरोबर रत्नागिरीत भाड्याच्या खोलीत राहतो. वडील मुंबईत नोकरीला. गणपतीला आणि शिमग्याला येतात. त्याने या कवितेचे उत्तर आधीच पाठ केलेले होते. वडीलधाऱ्यांचा आदर करावा, हा या कवितेचा संदेश, असे त्याने चटकन सांगितले.

“कुठल्या ओळीत?” बाईंनी विचारले.

त्याने ओळी चाळल्या. तशी ओळ नव्हती.

मग दोनदा वाचन झाले, पेन्सिली निघाल्या. गाडीतून उतरणाऱ्या वडिलांना कवीने जी उपमा दिली आहे, ती व्याकरणातली आहे: लांब वाक्यातून एखादा शब्द गळून पडावा, तशी. बहुतेकांनी तिच्याखाली रेघ मारली होती. शब्द गळला तर वाक्याचे काय होते, यावर वाद झाला. एकीच्या मते वाक्य अपुरे राहते. त्यावर हा मुलगा म्हणाला, “नाय बाई. लांब वाक्य असलं तर काय अडत नाय. गाडी पुढच्या स्टेशनला जातेच की.” त्याने उपमेतले वाक्य सोडून गाडी धरली होती, हे त्याचे त्यालाही उमगले नाही. विश्लेषण म्हणतात ते नेमके हेच, आणि ते त्याने पाठांतराशिवाय केले होते.

बाईंनी दुसरा प्रश्न टाकला: हे सगळे पाहते कोण? पाहणारा मुलगाच आहे. त्याला रेनकोटवरचा चिखल दिसतो, चहा पातळ असल्याचे दिसते. पण तो उठून वडिलांशी बोलत नाही. इतके बारकाईने पाहणारा माणूस गप्प का, याची दोन-तीन उत्तरे आली. कोणी म्हणाले, तो रागावलेला आहे. कोणी म्हणाले, हे त्याला पुष्कळ वर्षांनी आठवते आहे. दोन्ही उत्तरे फळ्यावर लिहिली गेली. कोणतेही पुसले गेले नाही. एका हुशार मुलीने तेवढ्यात माहिती दिली की चित्रे यांचे वडील बडोद्याहून ‘अभिरुची’ हे वाङ्मयीन मासिक चालवीत, म्हणून पिशवीत पुस्तके. बाईंनी तिचे कौतुक केले आणि लगेच बजावले की हे कवीच्या घराबद्दल झाले. कवितेतला माणूस पुस्तके का बाळगतो, ते कवितेतच शोधायचे.

त्या रात्री मुलाने डावे पान भरून काढले. शेवटच्या भटक्या टोळ्या मार्गदर्शिकेने एका वाक्यात उरकल्या होत्या. त्याने लिहिले की आजोबा बोटीने मुंबईला गेले, बाबा एस.टी.ने गेले, मी रेल्वेने जाईन; आम्ही सगळे त्या खिंडीतूनच चाललो आहोत. दीड पान मजकूर होता, आणि अर्ध्याहून अधिक वडिलांविषयी.

बाईंनी तो वाचला आणि थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग पेन्सिलीने आजोबा, बोट आणि एस.टी. यांना हलका कंस केला. परीक्षकाला कवितेबद्दल सांगायचे आहे, घराबद्दल नाही. घरामुळे जे दिसले ते ठेव आणि त्याला कवितेतला आधार दे, असे त्यांनी सांगितले. हे कठोर वाटेल. पण स्वतःला गहिवरून येणे आणि कविता उलगडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेमका हा फरक शिकवताना पुष्कळ चांगले शिक्षकही कचरतात, कारण मुलाच्या भावनेला हात लावावासा वाटत नाही. मुलाने हिरमुसल्या चेहऱ्याने उजवे पान लिहिले. रोजचा लोकलचा प्रवास आणि प्राचीन टोळ्यांचे स्थलांतर कवी शेजारी ठेवतो, त्यामुळे एका माणसाचा थकवा फार जुना वाटू लागतो, अशा अर्थाची दोन वाक्ये तयार झाली. इंग्रजी साधे होते, पण त्याचे होते.

संदेशाचा मुद्दा तसाच राहिला. त्याखाली त्याने लिहिले की ही कविता कोणताच उपदेश करत नाही; कवितेतल्या मुलांनी जे टाळले ते वाचणाऱ्याला पाहायला लावते, एवढेच तिचे मूल्य.

दुसऱ्या दिवशी त्याची आई पडवीत आली. पदर सावरत, पायरीवरच उभी राहून तिने विचारले, “बाई, छापील उत्तरात आदर करावा असं दिलंय. यानं उपदेश नाही असं लिहिलंय. एक मार्क गेला तर?”

प्रश्न खरा होता. बारावीचा एक गुण या घरात हलका नव्हता. पुढचा प्रवेश, वसतिगृह, खर्च, सगळे त्याच्यावर टांगलेले. गुण जाणारच नाही, अशी हमी बाईंनी दिली नाही. मुद्दा सोडलेला नाही, मूल्य सांगितलेले आहे आणि त्याला कवितेतला आधार आहे. विचार करून तपासणारा परीक्षक गुण देईल, एवढेच त्या म्हणाल्या. आणि मुलाला सांगितले, “आईला वाचून दाखव. मराठीत सांग.”

त्याने कविता ओळीओळीने सांगितली. आईचे इंग्रजी दहावीनंतर सुटलेले. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. टोळ्यांपाशी काही बोलली नाही. मग म्हणाली, “चपाती शिळी आहे म्हणजे सकाळी कोणीतरी केली असेल ना. ती बाई कुठे आहे?”

मुलाने पुस्तक पुन्हा उघडले. बाईही चष्मा लावून खाली वाकल्या. वडील होते, मुले होती, पूर्वज आणि नातवंडे होती. घरातली बाई एकाही ओळीत नव्हती. इतकी वर्षे शिकवूनही हा प्रश्न कोणी विचारलेला आठवत नाही, असे बाई म्हणाल्या, आणि आईला आत येऊन बसायला सांगितले. संध्याकाळी मुले आली तेव्हा फळ्यावर आदल्या दिवशीच्या दोन उत्तरांखाली तिसरी ओळ लिहिलेली होती: चपाती कोणी केली? वाचन सुरू होण्याआधीच पेन्सिली बाहेर निघाल्या.