मृत ताऱ्याची नाडी

उज्जयिनीत राहणाऱ्याला काळाचा विसर पडणे कठीण. महाकाल हे या नगरीचे दैवत. प्राचीन भारतीय ज्योतिषाने आपली मध्यरेखाही येथूनच कल्पिली. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारलेली येथील वेधशाळा अद्याप उभी आहे. १९२३ साली माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार करविला. तेथील सम्राट यंत्राच्या सावलीवरून आजही वेळ सांगता येते. मात्र डोळ्यांना जे दिसेल तेवढ्याचाच वेध त्या यंत्रांना घेता येई.

न दिसणाऱ्या आकाशाचा वेध घेणारी वेधशाळा पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ, खोडद येथे आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या या महादुर्बिणीला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी त्या टिपतात. त्यांना दिवस काय नि रात्र काय, सारखेच!

एखादा प्रचंड तारा अंतकाळी स्फोट पावतो, तेव्हा त्याचे अवशेष मेघासारखे पसरतात आणि गाभ्याचा अतिघन गोळा गरगर फिरत राहतो. त्याचा रेडिओझोत दीपगृहाच्या प्रकाशाप्रमाणे आपल्यावरून गेला की एक ठोका ऐकू येतो. हाच स्पंदक. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी भरदिवसा दिसणारा एक नवा तारा नोंदविला. त्या जागी आज क्रॅब तेजोमेघ आहे. १९६८ साली त्यातील स्पंदक सापडला. त्याचे सेकंदाला सुमारे ३० ठोके पडतात.

परंतु प्रत्येक अवशेषात अशी नाडी सहज हाती लागत नाही. ‘जी २१.५-०.९’ या अवशेषातील नाडी फारच क्षीण. ती २००५ साली यशवंत गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी खोडदच्या दुर्बिणीने शोधली : सेकंदाला सुमारे १६ ठोके! हे ठोके हळूहळू मंदावतात आणि त्या मंदावण्यावरून स्पंदकाच्या वयाचा अदमास बांधता येतो.

हे सारे सांगितल्यावर आमचे आजोबा म्हणाले, “बाळ, मेलेल्या ताऱ्याची नाडी पाहून कुणाचे भले होणार?” प्रश्न रास्त होता. मी म्हटले, “आजोबा, आपल्या रक्तातले लोह अशाच ताऱ्यांनी घडविले. पूर्वजांची चौकशी करू नये काय?” ते हसले, पण माझे विचारचक्र थांबले नाही.

आम्ही उज्जयिनीकर जयसिंहाच्या यंत्रांचा अभिमान मिरवतो. तो योग्यच आहे. परंतु दगडी भिंती वारशाने मिळतात. वेध घेण्याची चिकाटी मात्र प्रत्येक पिढीला नव्याने कमवावी लागते.