तलावावरची रॉड समुद्रावर चालते का?



धान केंद्रावर मोजून झालं, तणस रचून झाली, उन्हाळी धानाच्या पऱ्ह्यांना थोडा वेळ होता. म्हणून पौषात चार दिवस रत्नागिरीला लहान बहिणीकडे जाऊन आलो. जाताना बोडीवरची मासे धरायची रॉड सोबत नेली. तिकडचा एक फोटो टाकला तर खाली तोच तोच प्रश्न आला: "भाऊ, आपली तलावाची रॉड समुद्रावर चालते का?"

चालते. पण फोटोत जे नाही ते आज लिहितो, कारण ते सांगितल्याशिवाय "चालते" म्हणणं खोटं होईल.

आधी सामान सांगतो. रॉड सात फुटी, तिच्यावर १० ते ३० ग्रॅम लिहिलं आहे. म्हणजे तेवढ्या वजनाचं शिसं ती आरामात फेकते. रील २५०० नंबरची, त्यात ०.३० मिलिमीटरची नायलॉन दोरी. धानाच्या बोनसमधून घेतली होती, घरात बोलणीही खाल्ली होती. हिच्यावर मी बोडीत सोडलेले रोहू-कतला धरतो. कणकेच्या गोळ्यात ढेपेची पूड मिसळली की झालं. अडीच-तीन किलोचा कतला या दोरीवर दमून बाहेर येतो.

जावईबापू म्हणाले, "दादा, समुद्रावर बारा फुटी रॉड लागते. हे खेळणं आहे." मलाही तसंच वाटत होतं. एवढा मोठा समुद्र, त्याला एवढीशी काठी.

पहिल्या दिवशी संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. सोबत भाचा, बारा वर्षांचा. लांब सरळ वाळू, मागं सुरूची झाडं, जवळच नारळ संशोधन केंद्र. त्या केंद्राबद्दल वेगळं लिहीन. मी ताकद लावून जितकं लांब जाईल तितकं फेकलं. तासभर काही नाही. शेजारी एक म्हातारे बाबा उभे होते. ते म्हणाले, "एवढ्या लांब कशाला? मासा तुमच्या पायाशी आहे."

ते खरं निघालं. लाट जिथं फुटते तिथं ती वाळू खणते आणि किनाऱ्याला समांतर एक चर तयार होतो. नांगराच्या तासासारखाच. त्या चरात किडे, बारीक कोलंबी, शिंपल्यांतलं खाणं गोळा होतं आणि तेच खायला मासा येतो. म्हणजे वीस-पंचवीस पावलांवर. तेवढं तर आपली बोडीची रॉड सहज फेकते. शिसं २० ग्रॅमचं, दोरीवर मोकळं सरकणारं, त्याच्या पुढं हातभर दोरी आणि बारीक गळ. गळाला कोलंबीचा नखाएवढा तुकडा. आपल्या कणकेचा गोळा तिथं दोन लाटांत विरघळून जातो, तो विसरा.

रॉडचं टोक उंच धरायचं, म्हणजे फुटणाऱ्या लाटा दोरीला ओढत नाहीत. थोड्या वेळानं टोक टुकटुकलं. मुडदुशी! वीतभर लांब, चंदेरी, निमुळती. जाड रॉडवर हा मासा कळलाही नसता, आपल्या रॉडवर मात्र हाताला स्पष्ट लागतो. हलक्या सामानाचा हाच फायदा. अंधार पडेपर्यंत सात मुडदुश्या झाल्या. एक शेंगाळाही लागला. त्याच्या पाठीवरचा आणि बाजूच्या पंखांतला काटा आपल्या शिंगीसारखाच विषारी असतो. फडक्यात धरूनच गळ काढा. टोचलाच तर सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात हात बुडवायचा आणि दवाखाना गाठायचा. एक केंडही आला, फुग्यासारखा फुगणारा. तो सोडून दिला. केंड खायचा नाही, विष असतं.

भाचा जाम खूश. घरी जाताना विचारतो, "मामा, तुमच्याकडच्या तलावाला मामा तलाव काहून म्हणतात? तुमचा आहे का?" आईचं "काहून" त्याच्या तोंडात अजून आहे, बरं वाटलं. त्याला सांगितलं, माजी मालगुजारीचं मा-मा. पण त्याला मामाचाच तलाव बरा वाटला.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. फाजील आत्मविश्वास कसा येतो ते शेतकऱ्याला सांगायला नको. एका वर्षी धान चांगलं पिकलं की पुढच्या वर्षी आपण कुणाचं ऐकत नाही. सकाळी सातला दोघं निघालो. वाळू सोडून पुढं कातळावर जायचं ठरवलं, तिथं तांबोशी लागते असं ऐकलं होतं. पाणी खूप आत गेलेलं. काळे कातळ उघडे पडलेले, त्यांवर पाच-सहा बाया कोयत्यानं कालवं काढत होत्या. आम्ही त्यांच्याही पुढच्या कातळावर जाऊन बसलो. कोरडी, सपाट जागा, समोर खोल पाणी. आपल्या तलावाच्या पाळीवर बसल्यासारखं.

इथंच चुकलो मंडळी. तलावाचं पाणी सकाळी जिथं असतं तिथंच संध्याकाळी असतं. वैनगंगेचं पाणी वाढतं, पण पाऊस येतो किंवा वरून धरणाचं सोडतात तेव्हा. २०२० च्या ऑगस्टअखेरचा पूर आपल्यापैकी कोण विसरलं? तेव्हाही वर संजय सरोवरातून पाणी सुटलं होतं. डोक्यावर आभाळ निरभ्र आणि वाराही नाही, तरी पाणी चढतं, हे माझ्या अंगात मुरलेलंच नव्हतं. भरती-ओहोटी शाळेत शिकलो होतो, पण ती पुस्तकातच राहिली होती.

थोड्या वेळानं कालवंवाल्या बाया टोपल्या उचलून निघाल्या. मला वाटलं, काम झालं असेल. उलट बरं वाटलं, जागा मोकळी झाली. त्या कशासाठी निघाल्या हे विचारायचंही डोक्यात आलं नाही.

मग मागून आरोळी आली. "ओ भाऊ! मागं बघा! पोराला घेऊन या आधी!"

मागं वळलो तर आम्ही ज्या खाचेतून घोट्याएवढ्या पाण्यातून आलो होतो, तिथं मांडीएवढं पाणी. तेही उभं नाही. लाट आली की कमरेला लागणारं, गेली की पाय ओढणारं. त्यातली एक बाई परत फिरून किनाऱ्याच्या कातळावर उभी होती. हात करून डावीकडून या म्हणत होती. मी भाच्याला पाठीवर घेतलं. बाकी पिशवी तिथंच टाकली. रॉड काठीसारखी टेकत, रील पाण्यात बुडवत, वाळूत घासत कसंबसं पलीकडं आलो. मधे एकदा पाय सरकला. भाच्यानं माझी मान इतकी घट्ट आवळली की ती पकड मला अजून कळते.

बाई रागावली नाही. फक्त म्हणाली, "तिथी बघून यायचं हो. आज उधाण आहे."

घरी येऊन सांगितलं, लाट आली, भिजलो. भाच्यानंही मामाची बाजू सांभाळली.

संध्याकाळी त्या म्हाताऱ्या बाबांना गाठून हिशेब शिकून घेतला. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. त्याच्या सव्वासहा तास आधी पूर्ण ओहोटी, म्हणजे पहाटे पाचला. रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी जास्त पुढं सरकते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा कमी. आणि पाणी सारख्या वेगानं चढत नाही. सुरुवातीला हळू, मधल्या दोन तासांत जवळपास निम्मं पाणी भरतं. आम्ही नेमके त्या दोन तासांत कातळावर निवांत बसलो होतो. त्या दिवशी पाणी एवढं आत गेलं होतं, तीच खूण होती की ते तेवढंच बाहेर येणार.

दुसरी चूक रीलची. भेदरलेलो होतो, रॉड तशीच कव्हरात घातली. दोन दिवसांनी निघालो, गाडीचा लांब प्रवास, घरी येऊन कव्हर उघडलं तर रीलची मूठ फिरेना. आत मिठाचा पांढरा थर, वाळू, गळ गंजून लाल. फवारणीचा पंप धुतल्याशिवाय मी कधी ठेवत नाही, खत ओढलेली पाटी धुतो. आणि मिठाच्या पाण्यातली रील मात्र विसरलो! कोमट पाण्यात भिजवून, खोलून, जुन्या ब्रशनं साफ करून, एक बेअरिंग बदलून ती फिरती केली. फिरते, पण करकर करते.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर:

१. वाळूवर, खाडीकाठी, लहान माशांसाठी आपली रॉड पुरेशी आहे. नवीन घेऊ नका.
२. रॉडवर लिहिलंय त्याहून जड शिसं लावू नका. कातळ असेल तर गळाच्या आधी हातभर जाड दोरी जोडा, बारीक दोरी घासून तुटते.
३. रील वाळूत ठेवू नका. त्याच दिवशी गोड्या पाण्यानं हलकं धुवा, जोराची धार नको. पुसून सावलीत वाळवा, मग तेलाचा थेंब.
४. निघण्याआधी भरतीची वेळ काढा. कातळावर जाणार असाल तर पाणी उतरत असताना जा आणि चढायला लागण्याआधी परत या. एकट्यानं नको, लेकराला घेऊन तर नकोच.
५. तिथली माणसं निघाली की आपणही निघायचं. कारण नंतर विचारता येतं.

आता शेवटचं. बहीण हे पान वाचते, हे मला माहीत आहे. बाई, त्या दिवशी नुसती लाट आली नव्हती. चूक माझी होती, पोराची नाही. तो घाबरला, पण रडला नाही. रागवायचं असेल तर मला फोन करून रागव. त्याला मात्र समुद्रावर जायला बंदी घालू नको. आधी तिथी विचार, मग वाळूवर पाठव. मुडदुशी कशी धरायची ते त्याला आता येतं.